जास्वंद आणि मॉस : तुलना नेमकी कशाची कशाशी करायची?

मुलुंडमधील एका पालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी अकरावीत शिकते आणि तिला जीवशास्त्राच्या प्रकल्पासाठी एक सपुष्प झुडूप व एक मॉस यांची तुलना करायची आहे. घराच्या बाल्कनीत जास्वंदीची कुंडी आहे आणि त्याच कुंडीतल्या मातीवर मॉसचा हिरवा थर आला आहे, त्यामुळे नमुने शोधायला कुठे जावे लागले नाही. पुस्तकातला तक्ता तिने उतरवून घेतला, पण तीन गोष्टी अडल्या. मॉसला डोळ्यांदेखत पाने दिसत असताना ‘खरी पाने नसतात’ असे का लिहायचे? मे महिन्यात घरचे सगळे गावाला गेले तेव्हा चार दिवसांत जास्वंद वाळून गेली, पण तिच्या पायाशी वाळून तपकिरी झालेले मॉस जूनच्या पहिल्या सरींबरोबर पुन्हा हिरवे झाले, ते कसे? आणि त्याच कुंडीत आता नवी जास्वंद लावली आहे, तर हे मॉस खरवडून काढावे की राहू द्यावे?

मी तीस वर्षे मुंबईत पदवीच्या विद्यार्थ्यांना वनस्पतिशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर सोसायट्यांच्या बागांना सल्ला देत फिरतो, त्यामुळे पहिला प्रश्न माझ्या जुन्या धंद्यातला आहे आणि तिसरा नव्या. मधला प्रश्न मात्र मला स्वतःला सर्वांत आवडतो, म्हणून त्याच्यावर जरा अधिक रेंगाळलो तर चालवून घ्यावे.

आधी शब्दांची अडचण दूर करू. पावसाळ्यात जिन्यावर पाय घसरतो ते शेवाळ, टाकीच्या कडेला हिरवे तवंग येतात तेही शेवाळ आणि चाळीच्या जुन्या भिंतीवर मखमल पसरते तिलाही आपण शेवाळच म्हणतो. यांपैकी पहिली दोन म्हणजे शैवले आहेत आणि तिसरे मॉस आहे, ज्याला शास्त्रीय मराठीत ‘शेवाळी’ असे नाव रूढ आहे. ओळखायला साधी खूण अशी की ओल्या पृष्ठभागावर बोट फिरवल्यावर चिकट हिरवा लेप बोटाला लागला तर ते शैवल समजावे. बोटाखाली गालिच्यासारखे दबून पुन्हा उभे राहिले आणि दहापट भिंगातून चिमुकल्या पानांचे तारे दिसले तर ते मॉस. पुस्तकांत मॉस म्हणून फ्युनारिया हायग्रोमेट्रिका या जातीचे चित्र असते, पण मुंबईच्या सिमेंटच्या भिंतींवर, कंपाउंडच्या कठड्यांवर आणि कुंड्यांच्या काठांवर बहुतेकदा हायोफिला इन्व्होल्युटा ही जाती भेटते. मातीच्या पृष्ठभागावर ब्रायम वंशातल्या जाती असतात. त्यांतल्या ब्रायम अर्जेंटियमच्या पानांच्या टोकाकडील पेशींत हरितद्रव्य नसल्यामुळे ते रुपेरी दिसते, आणि हे मॉस रस्त्याकडेच्या फटींपासून अंटार्क्टिकापर्यंत सर्वत्र आढळते. आपल्या कुंडीत नेमके कोणते आहे ते चित्र न पाहता सांगणे योग्य होणार नाही. तुलनेसाठी त्याने फारसे बिघडतही नाही.

जाता जाता आणखी एक. शाळेत ब्रायोफायटा या, मॉस ज्यात मोडते त्या, गटाचे वर्णन करताना ‘शरीर चपटे, रिबिनीसारखे’ असे शिकवले जाते. ते याच गटातल्या रिक्सिया आणि मार्केन्शिया या चपट्या वनस्पतींना चपखल बसते, मॉसला नाही. मॉसला उभा अक्ष असतो आणि त्याच्याभोवती पानांसारखे भाग मळसूत्री मांडलेले असतात. मुलीने तक्त्यात ‘रिबिनीसारखे’ असे उतरवले असेल तर ते खोडावे.

आता पहिला प्रश्न. पुस्तकातला तक्ता चुकीचा नसतो, पण तो एक मोठी गोष्ट पोटात ठेवून बोलतो. डाव्या रकान्यात मूळ, खोड, पान, फूल. उजव्या रकान्यात मुलाभ (मुळांसारखे बारीक धागे), खोडासारखा भाग, पानासारखा भाग, फूल नाही. वाचणाऱ्याला वाटते की जास्वंदीची एक गरीब, अपुरी आवृत्ती म्हणजे मॉस. प्रत्यक्षात या दोन रकान्यांत एकाच पायरीवरच्या दोन वस्तू ठेवलेल्याच नाहीत.

प्रत्येक जमिनीवरच्या वनस्पतीच्या आयुष्यात दोन पिढ्या आळीपाळीने येतात. एका पिढीच्या पेशींत गुणसूत्रांचा एकच संच असतो आणि तिचे काम नर व मादी युग्मके, म्हणजे प्रजननपेशी, तयार करणे हे असते. दोन युग्मकांच्या मीलनातून दुसरी पिढी जन्मते. तिच्यात गुणसूत्रांचे निदान दोन संच असतात आणि ती बीजाणू तयार करते. विल्हेल्म हॉफमायस्टर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५१ मध्ये हे चक्र मॉसपासून बीजधारी झाडांपर्यंत सलग दाखवून दिले, आणि ते पाहिले की जास्वंद व मॉस यांची तुलना एकदम वेगळी दिसू लागते. आपण कुंडीत ज्या हिरव्या मॉसला हात लावतो ती पहिली, एकगुणित पिढी आहे. आपण ज्या जास्वंदीची फुले परडीत घेतो ती दुसरी पिढी आहे. म्हणजे मॉसचे ‘पान’ आणि जास्वंदीचे पान हे दोन वेगळ्या पिढ्यांचे अवयव आहेत. दोघांनी प्रकाश पकडण्याचे एकच काम स्वतंत्रपणे अंगावर घेतले, म्हणून ते एकमेकांसारखे दिसतात. ‘खरी पाने नाहीत’ या वाक्याचा खरा अर्थ हा आहे. त्याला जोडून दुसरे कारण येते की मॉसच्या पानात जलवाहिन्या व रसवाहिन्यांची शिरांची जाळी नसते. मधली शीर सोडली तर बहुतेक मॉसचे पान एकाच पेशीच्या थराचे असते.

मग मॉसमध्ये जास्वंदीच्या झुडपाच्या जोडीला कोण? फ्युनारियाच्या झुबक्यातून तांबूस, केसासारखी बारीक दांडी वर येते आणि तिच्या टोकाला एक झुकलेले, नासपतीच्या आकाराचे इवलेसे बोंड असते. ती दांडी आणि ते बोंड म्हणजे दुसरी पिढी. तिचा पाया आईच्या शेंड्यात रुतलेला असतो, पाणी व अन्नाचा मोठा वाटा ती आईकडूनच घेते आणि आयुष्यभर तिच्यापासून वेगळी होत नाही. कडेवर बसलेले लेकरू कधी खाली उतरलेच नाही, अशी ही अवस्था आहे. त्या बोंडावर कोवळेपणी जी टोपी असते ती तर आईच्याच अवयवाचा फाटून वर आलेला तुकडा असते. गंमत म्हणजे पर्णरंध्रे, म्हणजे हवा व वाफ ये-जा करण्याची सूक्ष्म छिद्रे, शोधायची झाली तर ती फ्युनारियाच्या पानांवर मिळत नाहीत, या बोंडाच्या बुडाशी मिळतात. जास्वंदीच्या पानाच्या खालच्या बाजूस जी रंध्रे दिसतात त्यांचे नातलग मॉसमध्ये दुसऱ्याच पिढीकडे आहेत, आणि ही एक गोष्ट ध्यानात आली की पिढ्यांचा हिशेब पाठ करावा लागत नाही.

उलट दिशेनेही पाहावे. मॉसचा हिरवा गालिचा ज्या पिढीचा आहे ती पिढी जास्वंदीत कुठे गेली? ती फुलात लपली आहे. मधल्या लांब दांडीवर पिवळे परागकोश असतात, त्यांतला प्रत्येक परागकण म्हणजे दोन-तीन पेशींची एक संपूर्ण नर वनस्पती आहे. तळाशी पाच कप्प्यांच्या अंडाशयात बीजांडे असतात, आणि प्रत्येक बीजांडाच्या आत सात पेशींची मादी वनस्पती आहे. जास्वंदीचा परागकण शंभर मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा, काटेरी गोळ्यासारखा असतो. काळ्या कागदावर फूल झटकले तर भिंगाशिवायही कण सुटे दिसतात. फ्युनारियाचा बीजाणू याच्या कितीतरी लहान, वीस मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. प्रकल्पाच्या वहीत मॉसचा झुबका आणि जास्वंदीचा परागकण समोरासमोर काढून त्यांच्याखाली ‘एकगुणित पिढी’ असे लिहिले, आणि बोंडाची दांडी व जास्वंदीचे झुडूप शेजारी काढून ‘द्विगुणित पिढी’ असे लिहिले, तर तपासणारे शिक्षक क्षणभर थबकतील, पण गुण कापू शकणार नाहीत. काटेकोर बोलायचे तर लागवडीतल्या जास्वंदीत गुणसूत्रांचे दोनाहून अधिक संच असतात, तेव्हा ‘द्विगुणित किंवा बहुगुणित’ असे लिहिणे अधिक बरोबर. या मुद्द्याकडे पुढे परत येईन.

नामकरणाच्या इतिहासातही हे दोघे वेगळे चालतात, हा थोडा आडवळणाचा तपशील. सपुष्प वनस्पतींच्या शास्त्रीय नावांची अधिकृत सुरुवात स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसच्या १७५३ च्या ग्रंथापासून धरतात आणि जास्वंदीचे हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस हे नाव त्याच वर्षीचे आहे. मॉसची नावे मात्र, स्फॅग्नमचा गट वगळता, योहान हेडविगच्या १८०१ च्या ग्रंथापासून मोजली जातात, कारण मॉसचे नर व मादी अवयव सूक्ष्मदर्शकाखाली नीट ओळखून वर्गीकरणाला पाया दिला तो हेडविगने. लिनियसने फ्युनारियाला वेगळ्याच वंशात टाकले होते.

आता पाण्याचा प्रश्न.

जास्वंद पाणी राखून जगते. तिच्या पानावर मेणचट उपचर्म असते, वाफ बाहेर जाण्याची वाट पर्णरंध्रांपुरती असते आणि ती रंध्रे गरजेप्रमाणे उघडतात व मिटतात. मुळांपासून पानांपर्यंत जलवाहिन्यांत पाण्याचे अखंड स्तंभ असतात. पानांतून वाफ निघाली की वरून ओढ बसते आणि खालचे पाणी वर सरकते. ही व्यवस्था फार कार्यक्षम आहे, तिच्यामुळेच जास्वंद माणसाच्या उंचीपलीकडे वाढून भर उन्हात हिरवीगार राहू शकते. पण तिला एक अट आहे, मुळाशी पाणी असले पाहिजे. कुंडीतली माती कोरडी पडली की प्रथम पाने माना टाकतात, आणि इथपर्यंत पाणी मिळाले तर तासा-दोन तासांत झाड सावरते. त्यापुढे ताण वाढला तर जलवाहिन्यांत हवेचे बुडबुडे शिरून स्तंभ तुटतात, आणि तुटलेल्या नळीतून मग पाणी घातले तरी वर चढत नाही. पानांच्या पेशींतले पाणी एका मर्यादेखाली गेले की त्यांची पटले, म्हणजे पेशींची पातळ आवरणे, फाटतात. मे महिन्यातल्या पश्चिमेच्या बाल्कनीत, ग्रीलमधून तापलेले ऊन अंगावर घेत, आठ-दहा इंची कुंडीतल्या जास्वंदीला ही मर्यादा ओलांडायला चार दिवस पुरतात. घरच्यांनी त्याबद्दल एकमेकांना बोल लावू नये.

मॉस पाणी राखण्याचा प्रयत्नच करत नाही. त्याला मुळे नाहीत. मुलाभ असतात ते मुख्यतः पकड धरण्यासाठी. पाणी ते सर्वांगाने पिते आणि सर्वांगाने सोडते, त्यामुळे हवा दमट असली की ओले, कोरडी असली की कोरडे. कोरडे होताना वाळवण सोसणाऱ्या जातींच्या पेशींत शर्करा आणि काही विशिष्ट प्रथिने पटलांना व इतर प्रथिनांना सांभाळून धरतात, चयापचय जवळजवळ थांबतो, आणि पेशींत कोरड्या वजनाच्या पाच-दहा टक्के इतकेच पाणी उरले तरी जीव जात नाही. पाणी परत आले की पटलांची दुरुस्ती सुरू होते आणि काही मिनिटांपासून काही तासांत प्रकाशसंश्लेषण पुन्हा चालू होते. जलवाहिन्यांचे स्तंभच नसल्यामुळे ते तुटण्याची भीतीही नाही. आपल्या कुंडीतले मॉस मेलेले नव्हते, म्हणून पावसात ते ‘पुन्हा जिवंत’ झाले असे म्हणता येत नाही; ते फक्त थांबले होते.

हे डोळ्यांनी पाहण्यासारखे आहे आणि त्याला खर्च नाही. एप्रिलमध्ये भिंतीवरून नखभर वाळके हायोफिला काढावे, बशीत ठेवावे आणि भिंग डोळ्याशी धरून त्यावर ड्रॉपरने एक थेंब सोडावा. कोरडे पान दोन्ही कडा आत वळवून सुरळी करून बसलेले असते. जातीच्या नावातल्या ‘इन्व्होल्युटा’चा अर्थच आत वळलेले असा आहे. थेंब लागताच पानाच्या तळाकडून ओल वर चढताना दिसते, सुरळी सुटते, पान बाहेरच्या बाजूला पसरते आणि मातकट रंगाखालून हिरवा रंग वर येतो. याला मिनिटही लागत नाही. मी दर वर्षी पहिल्या प्रात्यक्षिकाला हे दाखवत असे, आणि मागच्या बाकावरचे, एरवी खिडकीबाहेर पाहणारे विद्यार्थीसुद्धा दुसऱ्यांदा थेंब टाकायला रांगेत येत.

मुलीला आकडे हवे असतील तर सोनार वापरतात तसला छोटा डिजिटल काटा घ्यावा. धूळ झटकलेला वाळका झुबका तोलावा, दहा मिनिटे पाण्यात ठेवून, वरचे पाणी निथळू देऊन पुन्हा तोलावा. वजन कित्येक पट भरेल. शेजारी जास्वंदीचे पूर्ण वाळलेले पान तसेच भिजवून तोलावे. तेही पाणी पिऊन मऊ पडेल, कारण मेलेल्या पेशींच्या भिंतीही पाणी शोषतात, पण दुसऱ्या दिवशी ते काळपट पडून कुजायला लागेल आणि मॉस हिरवे असेल. केवळ वजन मोजून थांबले तर हा फरक निसटतो, म्हणून दोन्ही बशा तीन दिवस ठेवाव्यात. नमुना घराच्या किंवा सोसायटीच्या भिंतीवरचाच घ्यावा. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय कोणतीही वनस्पती उचलता येत नाही, मॉससुद्धा नाही.

इथे एक सावधगिरी. मॉस काहीही सोसते असा समज करून घेऊ नये. ओढ्याच्या कायम भिजलेल्या खडकांवरच्या जाती सहसा इतक्या सोशीक नसतात. आणि सोशीक मॉसही कोरडे असतानाच उष्णता सोसते, ओले असताना नाही. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. काचेच्या बरणीत ओले मॉस घालून, वर झाकण लावून, शोभेसाठी मी ती बरणी एप्रिलमध्ये खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली होती. दुपारी दोन तास ऊन आले. संध्याकाळी बरणी आतून दमट आणि मॉस पालकाच्या भाजीसारखे शिजलेले. त्याच भिंतीचे दुसरे मॉस, बाहेर कोरडे पडून त्याच उन्हात तापत होते, ते जूनमध्ये ठणठणीत हिरवे झाले.

वनस्पतिसंग्रहासाठी नमुने करतानाही या दोघांचा स्वभाव असाच उलटा लागतो. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात १९०६ पासून ब्लॅटर हर्बेरियम आहे. अशा संग्रहांत सपुष्प वनस्पती दाबून, वाळवून जाड कागदावर चिकटवतात. जास्वंदीचे फूल दाबणे ही नवशिक्याची परीक्षाच, कारण पाकळ्यांतला बुळबुळीत रस टिपकागदाला असा चिकटतो की कागद सोडवताना फूल फाटते. हाच बुळबुळीतपणा केस धुताना पाने चुरडून आपण कामाला लावतो. मॉस मात्र दाबायचे नसते. कागदाची पुडी बांधून त्यात ठेवले की काम झाले. वर्षानुवर्षांनी पुडी उघडून थेंब टाकला तर पाने पहिल्यासारखी पसरतात आणि ओळख पटवता येते. जीव तोवर गेलेला असतो, पण आकार शाबूत असतो.

पाण्याचा हाच धागा प्रजननापर्यंत जातो. मॉसच्या शुक्रपेशीला दोन कशाभिका, म्हणजे चाबकासारखे धागे, असतात आणि तिला मादी अवयवापर्यंत पोहत जावे लागते. त्यासाठी पानांवर पाण्याचा पातळ पापुद्रा हवा. पागोळ्यांचे, सरींचे थेंब आपटून उडणारे शिंतोडे तिला थोडे पुढे नेतात, पण एकूण प्रवास सहसा काही सेंटिमीटरचाच. ब्रायोफायटांना वनस्पतिसृष्टीचे उभयचर म्हणतात ते यासाठी. या चित्रात २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने भर घातली : स्प्रिंगटेल नावाचे बारीक उड्या मारणारे जीव आणि कोळीवर्गातले सूक्ष्म माइट मॉसच्या नर झुबक्यावरून मादी झुबक्यावर शुक्रपेशी वाहून नेऊ शकतात असे त्यात दिसले. म्हणजे फुलांच्या कितीतरी आधीपासून जमिनीवर रांगत होते अशा जीवांनाही हे काम जमते.

जास्वंदीने पोहणेच रद्द केले. परागकण कुक्षीवर, म्हणजे फुलाच्या मादी अवयवाच्या टोकावर, पडला की त्यातून नळी फुटते, ती लांबलचक कुक्षीवृंताच्या (कुक्षीच्या दांडीच्या) आतून वाढत अंडाशयापर्यंत जाते आणि युग्मके त्या नळीतून बीजांडात पोहोचतात. बाहेर पाण्याचा थेंब नसला तरी अडत नाही. परागकण इकडून तिकडे नेण्यासाठी मध आणि भडक रंग हे आमिष. सकाळी जास्वंदीवर शिंजीर येतो, पाकळ्यांच्या बुडाशी चोच खुपसतो, पण पुष्कळदा तो बाजूने किंवा मागून मध चोरतो आणि पुंकेसरांना शिवतही नाही. एवढा खर्च करून फूल एक दिवस टिकते.

आणि आता त्या बहुगुणित गुणसूत्रांकडे. आपल्याकडे घरोघरी जी जास्वंद आहे ती बागायती, संकरातून आणि निवडीतून आलेली आहे; गुणसूत्रांचे संच अधिक असल्याने तिला बी धरणे कठीण जाते. मुंबईत जन्म गेलेल्या किती जणांनी लाल जास्वंदीचे फळ पाहिले आहे, हे विचारून पाहावे. रोपवाटिकेत मिळणारे प्रत्येक रोप म्हणजे कुणाच्यातरी फांदीचा लावलेला तुकडा असतो. एकाच चाळीतल्या सगळ्या जास्वंदी अनेकदा एकाच झुडपाची फुटलेली अंगे असतात. इकडे भिंतीवरचे हायोफिलाही बोंडे न आणता बरेचदा वर्षे काढते; पानांच्या बेचक्यांत ते सूक्ष्म कळ्यांसारखे तुकडे तयार करते, ते पावसाच्या थेंबाबरोबर सुटतात आणि जिथे पडतात तिथे नवे रोप उगवते. पुस्तकातल्या तक्त्यात एका बाजूला फूल, फळ, बी आणि दुसऱ्या बाजूला बोंड व बीजाणू असे दिमाखात मांडलेले असते, आणि बाल्कनीतले दोन्ही रहिवासी मात्र त्या भानगडीत न पडता तुकड्यांवर भागवत असतात. प्रकल्पात हे निरीक्षण जरूर लिहावे, कारण ते पुस्तकातून उतरवलेले नाही हे लगेच कळते.

उंचीबद्दल थोडक्यात. जास्वंदीच्या खोडातल्या पेशींच्या भिंतींत लिग्निन हा कडकपणा देणारा पदार्थ असतो, म्हणून ती लाकूड होऊन उभी राहते. मॉसला तो कणा नाही आणि पाणी वर चढवायला नळ्या नाहीत. पॉलिट्रायकमसारख्या काही वंशांत पाणी वाहणाऱ्या साध्या पेशींचा दोर असतो, आणि डॉसोनिया हे मॉस अर्ध्या मीटरपर्यंतही वाढते, तेव्हा ‘वहनसंस्था अजिबात नसते’ असे ठाम वाक्य लिहिण्यापेक्षा ‘लिग्निनयुक्त वाहिन्या नसतात’ असे लिहावे. हायोफिला सेंटिमीटरभरात आटोपते.

शेवटी कुंडी. मॉस जास्वंदीचे अन्न चोरते ही भीती निराधार आहे. त्याचे मुलाभ मातीच्या वरच्या थरातच असतात आणि त्याला लागणारी खनिजे ते बरीचशी पावसाच्या पाण्यातून व धुळीतून मिळवते. याच सवयीमुळे हवेतल्या धातूंचे प्रदूषण मोजण्यासाठी मॉस वापरतात. पण कुंडीत ते आले याचा अर्थ मातीचा पृष्ठभाग दीर्घकाळ ओला, घट्ट आणि सावलीत आहे, आणि या तिन्ही गोष्टी जास्वंदीला नकोशा आहेत. तिला रोज पाच-सहा तासांचे ऊन आणि पाणी झरझर उतरून जाणारी माती हवी. मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यामुळे पावसाळ्यात आलेले मॉस मी मनावर घेत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्येही कुंडीवर ओलसर हिरवा थर असेल, तर मात्र पाणी जास्त होते आहे किंवा कुंडीचे तळाचे भोक बुजले आहे असे समजावे.

मॉस पाहून पाणी द्यायचे की नाही हे ठरवू नये. वरचे मॉस एका दुपारच्या वाऱ्याने वाळते तेव्हा खाली माती चिखल असू शकते, आणि हलक्या शिडकाव्याने मॉस टवटवीत दिसते तेव्हा मुळे कोरडी असू शकतात. बोट दोन पेरे मातीत खुपसावे, तिथे कोरडे लागले तरच पाणी घालावे. मॉसचा थर जाड असेल तर खुरपीने वरची बोटभर माती सैल करावी, लाल मातीत शेणखत आणि भरड वाळू मिसळून भर घालावी, कुंडी विटेवर उचलून ठेवावी म्हणजे तळाचे भोक मोकळे राहील. ॲसिड किंवा ब्लीचिंग पावडर वापरू नये. आमच्या एका सोसायटीत कंत्राटदाराने कंपाउंडची भिंत स्वच्छ करायला ॲसिड फिरवले, ते पावसाबरोबर खाली उतरले आणि भिंतीलगतच्या जास्वंदींची पाने आठवड्यात पिवळी पडून गळाली. भिंतीवर मॉस पुढच्याच पावसाळ्यात परत आले.

कुंडीतून निघालेला मॉसचा थर टाकून देण्याऐवजी कौलाच्या किंवा विटेच्या तुकड्यावर, सावलीच्या कोपऱ्यात दाबून बसवावा आणि आठवडाभर फवारा द्यावा. मुलीचा प्रकल्प लांबला तर तिला हाताशी नमुना राहील, आणि पुढच्या मे महिन्यात गावाला जाताना त्याच्यासाठी शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवावी लागणार नाही. जास्वंदीसाठी मात्र ठेवावी.